बाहेर बसणे आणि बाहेर पडणे

मासिक धर्माचा उल्लेख सरळ नावाने करण्याची पद्धत मराठी घरांत फार काळ नव्हती. कावळा शिवला, अडचण आहे, दूर बसली, बाहेरची झाली, अशा आडवळणाच्या शब्दांनीच तो उल्लेख होत असे आणि लहान मुलांनाही त्यातून जे समजायचे ते समजत असे. शेजारच्या कन्नड भाषेत याच गोष्टीला ‘मुट्टु’ असा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ स्पर्श असा आहे. बेळगाव-निपाणीच्या टापूत शतकानुशतके एकमेकींना लागून नांदलेल्या या दोन भाषांमध्ये पुष्कळ बाबतींत मतभेद असतील. पण स्त्रीच्या शरीरातील या नित्याच्या घटनेला नाव देताना दोघींनीही शिवाशिवीचीच कल्पना प्रमाण मानली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

यांतील ‘बाहेर बसणे’ हा शब्दप्रयोग प्रस्तुत व्याख्यानाच्या विषयाशी फार निकटचा आहे. बाहेर बसलेल्या स्त्रीला चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येता येते. परंतु मारहाण, उपासमार आणि अपमान असह्य होऊन जी स्त्री घराबाहेर पडते, तिला परत घेणारे घर नसते. ती ज्या दिवशी बाहेर पडते तो दिवस महिन्यातला कोणता आहे, हे पाहून मारणाऱ्याचा हात थांबत नाही, आणि तिच्या शरीराचा क्रमही तिच्या विपत्तीमुळे थांबत नाही. अशा स्त्रीला अन्न द्यावे, वस्त्र द्यावे, निवारा द्यावा, हे सर्वांना पटते. महिन्याच्या त्या चार-पाच दिवसांत तिला काय लागते, याची नोंद मात्र मदतीच्या यादीत बहुधा सापडत नाही. ही उणीव का राहिली, सीमाभागात ती अधिक का बोचते आणि ती भरून काढण्यास किती थोडे पुरेसे आहे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

विटाळाच्या कल्पनेला आव्हान देणारा विचार आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या शरणांनी जी पंचसूतके नाकारली, त्यांत जननसूतक, मरणसूतक, उच्छिष्टसूतक आणि जातिसूतक यांच्या जोडीला रजःसूतकही होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या स्त्री शिष्यांना हाच विवेक सांगितला; शरीराच्या इतर द्वारांतून जसे मल बाहेर पडतात तसाच हाही एक, त्याने भक्तीत अंतराय येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी तर अस्पृश्यतेचा विटाळ आणि देहाचा विटाळ यांना एकाच प्रश्नात गोवले आणि ज्यातून प्रत्येक देह घडतो ते अपवित्र कसे, असे देवालाच विचारले. तिन्ही विचारधारा या भूमीत रुजलेल्या आहेत. असे असूनही आचारात विटाळ टिकला. विचार ग्रंथांत आणि कीर्तनांत राहिला, आणि कोनाड्यातले वेगळे अंथरूण-पांघरूण घरात राहिले.

छळातून सुटू पाहणाऱ्या स्त्रीला आसरा देण्याची परंपराही येथे नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. निपाणीच्या अगदी उशाशी असलेल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. भारताच्या संसदेने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये संमत केला, हे ध्यानात घेतले म्हणजे शाहूराजांची दृष्टी किती पुढची होती हे कळते. तथापि या सर्व प्रयत्नांत स्त्रीच्या इज्जतीचा, अन्नाचा आणि शिक्षणाचा विचार जेवढा उघडपणे झाला, तेवढा तिच्या मासिक गरजांचा होऊ शकला नाही. तो बोलण्याचा विषयच नव्हता.

‘निर्वासित’ हा शब्दही या परिसराला परका नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लावलेल्या पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजारांच्या त्या वस्तीत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली आणि तिचे गांधीनगर झाले. बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. म्हणून सरहद्द ओलांडून आलेल्या स्त्रीचे हक्क बव्हंशी शासनाच्या आदेशांवर अवलंबून राहतात. परंतु देशाची सरहद्द न ओलांडताही माणूस निर्वासित होऊ शकतो. बेळगाव-निपाणी भागात आपले घर गमावलेली स्त्री कोणकोणत्या रूपांत भेटते, ते पाहिले म्हणजे याची खात्री पटते.

पहिले रूप निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रीचे. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. येथील वखारींत तंबाखू चाळणे, निवडणे, कुटणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. दलित, मुसलमान आणि गरीब मराठा घरांतल्या, नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, देवाला सोडलेल्या अशा कितीतरी स्त्रियांचा चरितार्थ त्या खकाण्यात चालला. अनिल अवचट यांनी त्यांचे जिणे मराठी वाचकांपुढे मांडले. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली आणि छाया दातार यांनी त्या संघटित होण्याचा अभ्यास करून १९८९ मध्ये त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यात शौचालय, मुतारी आणि पाळणाघर यांची तरतूद होती; तंबाखू चाळली जाते तेथे हातपाय धुण्याची सोय असावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी प्रश्न तोच राहतो. तंबाखूच्या धुळीने हात भरलेल्या स्त्रीला पाळीचे कापड बदलण्यापूर्वी ते हात धुवावे लागतात. त्यासाठी पाणी, आडोसा आणि कामातून पाच मिनिटे उठण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात. एक जरी नसली तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही.

घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीची स्थिती आणखी वेगळी. तिचे घर हाच तिचा कारखाना. सुपात पान आणि तंबाखू घेऊन ती उंबऱ्याशी बसते आणि सायंकाळी विड्या मोजून देते. अशा स्त्रीने मारहाणीला कंटाळून घर सोडले तर तिचे छप्पर आणि तिची मजुरी एकाच क्षणी सुटते. आश्रयगृहात दाखल होताना तिच्या कनवटीला काही नसते, ते याचमुळे.

दुसरे रूप देवदासीचे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यातच आहे. तेथे मुली सोडण्याची रीत कर्नाटकाइतकीच कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांतही होती आणि सोडल्या जाणाऱ्या मुली बहुतेक दलित घरांतल्या असत. या प्रथेत पहिल्या पाळीला जो अर्थ होता तो भीषण होता. मूल असतानाच गळ्यात मोती बांधलेल्या मुलीला न्हाण आले, म्हणजे ती पुरुषाला देण्याजोगी झाली, असे गाव मानीत असे. जी घटना आईने मुलीला जवळ घेऊन समजावून सांगायची, तीच तिच्या सौद्याची तिथी ठरत असे. पाळी आल्याचे लपवावे, कापड कोणाला दिसू नये, डाग पडला तर तो अंधारात धुवावा, ही धडपड अशा मुलीच्या बाबतीत नुसती लाज नव्हती; आणखी काही महिने वाचण्याचा तो एकमेव उपाय होता.

मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात होता. कर्नाटकाने १९८२ मध्ये समर्पणाला बंदी करणारा कायदा संमत केला. डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात देवदासींच्या मुक्तीचे आणि पुनर्वसनाचे काम उभे राहिले, त्यात सीमाभागाजवळचे गडहिंग्लज हे एक महत्त्वाचे केंद्र होते. कर्नाटक शासनाने १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये केलेल्या दोन पाहण्यांत मिळून ४६,६६० देवदासींची नोंद झाली. घटप्रभा येथे १९९७ मध्ये माजी देवदासींनीच आपली ‘मास’ ही संस्था स्थापन केली. या स्त्रियांनी एकमेकींना जे दिले ते कोणत्याही शासकीय योजनेला देता आले नव्हते. ज्या विषयावर तोंड उघडायची सोय नव्हती, तो विषय सांगायला समोर बसलेली बाई त्याच वाटेने आलेली होती.

तिसरे रूप ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीचे. दिवाळीच्या सुमारास गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव जिल्ह्यांच्या शिवारांत कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो आणि उचल घेतली जाते ती या जोडीवर. हा हिशेब नीट पाहिला तर छळ सोसणाऱ्या स्त्रीचा मार्ग कोठे अडतो ते दिसते. तिने नवऱ्याला सोडले तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते आणि तिच्या श्रमाला स्वतंत्र मोजमाप नसल्याने तिच्या हाती काहीच उरत नाही. पाळीत खाडा केला तर दंड कापला जातो. कोपीला मोरी नसते, पाणी दुरून आणायचे, आणि दिवस उजाडण्यापूर्वी फडात जायचे. या सर्वाचा परिणाम कोठवर गेला ते २०१९ मध्ये जगापुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींनी गर्भपिशवी काढून टाकलेली होती. चार दिवसांच्या आडोशाची व्यवस्था होऊ शकली नाही, म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकण्याची पाळी यावी, यापेक्षा कठोर टीका आपल्या समाजव्यवस्थेवर दुसरी कोणती होणार?

चौथे रूप तात्पुरते असले तरी सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा यांना महापूर आले. निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. नदीकाठच्या गावांतील माणसे शाळा आणि मंगल कार्यालये यांच्या आसऱ्याला गेली. अशा वेळी समाजाचे औदार्य उचंबळून येते. भाकरी येतात, चादरी येतात, साड्या येतात. एकाच दालनात पुरुष, स्त्रिया आणि मुले शेजारी झोपतात तेव्हा कापड वाळवायला दोरी कोठे बांधायची, हा प्रश्न मात्र स्त्रीने एकटीनेच सोडवायचा असतो. आपत्तीतील मदतीसाठी जगभर मानली जाणारी ‘स्फिअर’ ही मानकांची पुस्तिका आहे. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत मासिक पाळीची काळजी हे आरोग्यरक्षणाचे एक स्वतंत्र मानक म्हणून दिलेले आहे. योग्य साहित्य, धुण्यावाळवण्याची किंवा विल्हेवाटीची खासगी सोय आणि या बाबतीत स्त्रियांचा सल्ला घेणे, हा त्याचा गाभा. यातील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि बहुधा तीच राहून जाते.

ही चार रूपे एकत्र पाहिली म्हणजे घर सोडणाऱ्या स्त्रीची वाट कोठे आणि कशी अडते हे ध्यानात येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण कर्नाटकात ४४ टक्क्यांच्या वर, देशात सर्वाधिक होते. देशाची सरासरी सुमारे २९ टक्के होती. त्याच सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी पाळीत आरोग्यदायी साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण देशभरात ७७ टक्क्यांवर पोचल्याचे दिसते. त्याआधीच्या फेरीत ते ५८ टक्क्यांच्या आसपास होते. ही प्रगती आनंदाचीच आहे. परंतु या आकड्याच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. तो पंचविशीच्या आतल्या स्त्रियांचा आहे आणि ही पाहणी घरोघर जाऊन केलेली आहे. जी तिशी-चाळिशीत घर सोडून निघाली, जी आश्रयगृहात, एखाद्या नातलगाच्या पडवीत किंवा बसस्थानकाच्या बाकावर आहे, ती या मोजणीत येत नाही. ज्या स्त्रीला घरच नाही तिची गणती घरांच्या पाहणीत कशी व्हावी?

सीमाभागात या स्त्रीपुढे आणखी दोन भिंती उभ्या राहतात. पहिली राज्याच्या हद्दीची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; रोटी-बेटी व्यवहाराची मात्र झाली नाही. निपाणीची सून कागलची असते, गडहिंग्लजची लेक संकेश्वरला दिलेली असते. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. इतकी ही हद्द अंगाला लागून आहे. मार खाऊन माहेरी आलेली स्त्री नकळत राज्य ओलांडून आलेली असते. तिची शिधापत्रिका, तिचे ओळखपत्र, तिच्या मुलीच्या शाळेचा दाखला पलीकडे राहिलेला असतो. शाळेतील मुलींसाठी कर्नाटकाने २०१३-१४ मध्ये ‘शुची’ ही योजना आणली, महाराष्ट्राने २०१८ मध्ये ‘अस्मिता’ आणली. आईबरोबर रात्रीतून हद्द ओलांडलेल्या मुलीचे नाव एका शाळेतून सुटलेले असते आणि दुसरीत लागलेले नसते.

या बाबतीत कायदा लोकसमजुतीपेक्षा उदार आहे, हे सांगणे अगत्याचे आहे. २००५ च्या अधिनियमानुसार पीडित स्त्रीला ती जेथे तात्पुरती राहत असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. सासरच्या गावी परत जाण्याची सक्ती नाही. पतीच्या क्रूरतेबद्दलची फिर्याद स्त्रीने जेथे आसरा घेतला त्या ठिकाणीही चालू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये दिला. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधिसाहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. घरखर्चाला आवश्यक असलेल्या वस्तूंपासून तिला वंचित ठेवणे हा आर्थिक छळ आहे, असे २००५ चा अधिनियम म्हणतो. या व्याख्येत मीठ-मिरचीबरोबर पाळीच्या कापडाचा आणि साबणाचा खर्च येतो, हे समजण्यास विधिज्ञ असण्याची गरज नाही. हे सर्व संरक्षण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वधर्मीय स्त्रियांना सारखेच आहे.

दुसरी भिंत भाषेची. बेळगाव जिल्ह्यात सरकारी कारभाराची भाषा कन्नड आहे. निपाणी, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या असंख्य स्त्रियांची बोलण्याची भाषा मराठी आहे आणि मुसलमान घरांत दख्खनी उर्दू आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशपातळीवर मान्य झालेले आहे. एरवी हा मुद्दा फलकांवरून आणि कागदपत्रांवरून वादाचा होतो. परंतु पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात उभ्या असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार साधा असतो. रक्तस्राव किती दिवस चालला, मार कोठे लागला, संबंध जबरदस्तीचा होता का, हे प्रश्न मातृभाषेतही जिभेवर येत नाहीत. परक्या भाषेत, दुभाषा म्हणून उभ्या असलेल्या दिराच्या किंवा अनोळखी पुरुषाच्या तोंडून तर मुळीच नाहीत. सीमेच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी कितीही आग्रह असोत, दोन्ही भाषा जाणणारी एक परिचारिका किंवा समुपदेशिका नेमण्याला कोणाचीच हरकत असू नये.

आता आश्रयगृहाकडे वळू. जिल्ह्याच्या ठिकाणची ‘सखी’ केंद्रे २०१५ पासून सुरू झाली. तेथे पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते. पूर्वीच्या स्वाधार गृहांना २०२२ पासून ‘शक्ती सदन’ म्हणतात. १८१ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. मुद्दा असा की, या ठिकाणी पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीला पहिल्या तासाभरात, तिने न मागता, काय दिले जाते? स्त्री भूक लागल्याचे सांगते, थंडी वाजते म्हणते, पण पाळी आल्याचे स्वागतकक्षातल्या माणसाला सांगत नाही. म्हणून जे द्यायचे ते विचारून न देता सर्वांनाच द्यावे, हा पहिला नियम. साबण, टॉवेल, आतले कपडे, पॅडचे पाकीट किंवा स्वच्छ सुती कापड, कागदी पिशव्या आणि गडद रंगाची एक साडी किंवा सलवार-कमीज, एवढी पिशवी दाराशीच तयार असावी.

दुसरा नियम पाण्याचा. हिंदू घरांत चौथ्या दिवशी न्हाण्याची रीत आहे. मुसलमान स्त्रीला पाळी संपल्यावर गुस्ल केल्याशिवाय नमाज सुरू करता येत नाही. दोघींच्या धर्मकल्पना भिन्न, गरज एकच: कडी लागणारी मोरी आणि बादलीभर स्वच्छ पाणी. तिसरा नियम निवडीचा. पॅड हेच प्रगतीचे लक्षण मानून कापड वापरणाऱ्या स्त्रीला हिणवू नये. सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर आरोग्याला बाधक नाही. बाधक आहे ते ओलसर अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवणे. उन्हातली एक दोरी आणि तिच्याभोवती चटईचा आडोसा, एवढ्याने तो प्रश्न सुटतो.

खर्चाचे म्हणाल तर जनऔषधी केंद्रांतील ‘सुविधा’ पॅडची किंमत ऑगस्ट २०१९ मध्ये एक रुपया करण्यात आली. सॅनिटरी पॅडवरचा वस्तू व सेवा करही जुलै २०१८ मध्ये उठला. दिवसाला चार आणि पाच दिवस असा हिशेब धरला तर एका स्त्रीला महिन्याला वीस लागतात. त्या किमतीने तीस स्त्रियांच्या गृहाला महिन्याकाठी सहाशे रुपये. एखाद्या सत्कारातील हारतुऱ्यांवर याहून अधिक खर्च होतो. यावरून अडचण पैशाची नाही हे उघड आहे. अडचण ती यादीत लिहिण्याची आहे. स्कॉटलंडने २०२० मध्ये कायदा करून पाळीची साधने ज्यांना हवी त्यांना विनामूल्य देण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांवर टाकली आणि ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आणला. तो देश श्रीमंत आहे; पण त्या कायद्यातील मुख्य गोष्ट पैसा नव्हे, ही वस्तू मागताना कोणाला मान खाली घालावी लागू नये हे तत्त्व होय.

शेवटची बाब सर्वांत नाजूक. छळातून सुटलेल्या स्त्रीला पाळी येण्याइतकीच पाळी न येण्याची चिंता असते. उपासमारीने, पंडुरोगाने, धसक्यानेही पाळी चुकते; आणि जबरदस्तीच्या संबंधातून दिवस गेल्यानेही चुकते. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, हे त्याच सर्वेक्षणाचे सांगणे आहे. म्हणून आश्रयगृहात येणाऱ्या स्त्रीची लोहाची कमतरता आणि गर्भधारणा या दोन्हींची तपासणी, तिच्या संमतीने आणि गुप्तता राखून, लवकर व्हावी. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित स्त्रिया आणि गर्भावस्थेत वैधव्य किंवा घटस्फोट वाट्याला आलेल्या स्त्रिया यांना २४ आठवड्यांपर्यंत ही सेवा मिळू शकते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कारच मानला. ही माहिती वेळेवर न पोचल्याने आठवडे निघून जातात. येथे अज्ञानाचे मोजमाप दिवसांनी होते.

आणि माहिती पोचविणे हे तर ग्रंथालयाचे मूळ कर्तव्य. सीमाभागातील मराठी वाचनालयांनी शंभर आणि त्याहून अधिक वर्षे भाषा जपली, ती केवळ कथा-कादंबऱ्यांच्या देवघेवीतून नव्हे. माणसाला आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता यावे, हा त्या जपणुकीचा अर्थ होता. स्त्रीला दुपारच्या वेळी कोणालाही कारण न सांगता जाता येईल अशी जागा गावात फार थोडी असतात. देऊळ, दवाखाना आणि वाचनालय. देवळात पाळीच्या दिवसांत तिला मज्जाव असतो, दवाखान्याला पैसे लागतात. उरते ते वाचनालय. तेथील महिला विभागात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतील एक साधे पत्रक असावे. कोठे जावे, कोणाला दूरध्वनी करावा, कोणता अर्ज कोठे करता येतो आणि शरीराची काळजी कशी घ्यावी, एवढेच त्यात असावे. संरक्षण अधिकारी, परिचारिका आणि वकील यांपैकी एकीला महिन्यातून एकदा तेथे बसवावे. स्वच्छतागृहाच्या कोपऱ्यात पॅडची एक पेटी असावी आणि तिच्यावर कुलूप नसावे.

बसवण्णांपासून सोयराबाईंपर्यंत ज्यांनी विटाळाला प्रश्न विचारला, त्यांचे ग्रंथ वाचनालयाच्या कपाटांत जपलेले आहेत. ते विचार कपाटातून काढून दाराशी आणणे, ही शतकोत्तर वाटचालीतील पहिली कामगिरी ठरावी. जी स्त्री घराबाहेर पडली आहे तिला समाजानेही बाहेर बसवू नये, इतकीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्यास मोठा निधी लागत नाही, पाण्याची बादली, उन्हातली दोरी आणि तिची भाषा समजणारे एक माणूस लागते.